कॅरॅव्हॅनची दुसरी बॅटरी : किती मोठी आणि भरायची कशी?

झाशीहून खजुराहोला जाताना मऊरानीपूर लागतं. मे महिन्यात तिथे एक दिवस मुक्काम आहे असं धरून आज हिशेब करूया. बुंदेलखंडात तेव्हा पारा 45 अंशांपर्यंत जातो. गाडीत आईवडील असतील, फ्रिजमध्ये कोणाचं इन्सुलिन असेल, तर पहाटे तीनला बॅटरी संपून चालत नाही.

इंजिनाची बॅटरी यासाठी वापरू नका. ती स्टार्टरला क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते. रोज खोलवर रिकामी केली तर लवकर खराब होते, आणि सकाळी गाडीही सुरू होत नाही. राहण्यासाठी वेगळी डीप सायकल बॅटरी हवी.

आता खर्च मांडू. 45 वॉटचा 12 व्होल्ट फ्रिज उन्हाळ्यात निम्मा वेळ चालला, तर दिवसाला 540 वॉट-तास. वीस वॉटचे दोन पंखे दहा तास, म्हणजे 400. दिवे आणि मोबाईल धरून 100. एकूण 1040.

घरच्या इन्व्हर्टरची 150 एएच ट्यूब्युलर बॅटरी 1800 वॉट-तासांची. पण टिकवायची असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे 900. शिवाय वजन पन्नास किलोच्या पुढे, आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. झोपायच्या बंद जागेत ती ठेवू नका. 100 एएच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 1280 वॉट-तासांची, त्यातले 80 टक्के म्हणजे 1024. वजन बारा किलोच्या आसपास. पण हेही काठावरच आहे, त्यामुळे दिवसा भर पडायलाच हवी.

खरा प्रश्न इथेच आहे. बॅटरी मोठी घेतली पण रोज भरली नाही, तर उपयोग काय? लेड-अ‍ॅसिडचे शेवटचे वीस टक्के भरायला तासन्‌तास लागतात, आणि अर्धवट भरलेली ठेवली तर प्लेटांवर सल्फेट साचतं. लिथियमला अर्धवट राहिल्याचं काही वाटत नाही. म्हणून रोज थोडंथोडं चार्जिंग मिळणाऱ्या गाडीला मी लिथियमच सुचवतो.

चार्जिंगचे मार्ग तीन. पहिला, चालत्या गाडीचा अल्टरनेटर. लिथियम थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर घाला. 30 अँपिअरचा चार्जर दीड तासात साधारण 45 एएच भरतो. झाशी ते मऊरानीपूर एवढाच वेळ लागतो.

दुसरा, सोलर. 200 वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे 750 वॉट-तास देतं. तापलेलं पॅनेल वीज कमी देतं, ते यात धरलं आहे. अडचण अशी, की माणसांना सावली हवी आणि पॅनेलला ऊन. म्हणून घडीचं पॅनेल आणि लांब, जाड वायर घ्या. गाडी झाडाखाली, पॅनेल उन्हात.

तिसरा, ढाब्यावरचा किंवा लॉजचा प्लग. चार्जरवर ‘लिथियम’ सेटिंग असल्याशिवाय जोडू नका. जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर चालेल असं गृहीत धरू नका.

उष्णता दोघींचीही शत्रू. 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. लिथियम फार तापली तर तिचा बीएमएस आधी चार्जिंग आणि मग पुरवठाही तोडतो. म्हणून बॅटरी इंजिनापासून लांब, हवा खेळेल अशा जागी ठेवा, आणि पॉझिटिव्ह टर्मिनलजवळच फ्यूज बसवा.

तेव्हा दुकानात जाण्याआधी कागदावर दोन आकडे लिहा : रोज किती लागणार आणि रोज किती भरणार. दुसरा आकडा लहान असेल, तर आधी पॅनेल वाढवा, बॅटरी नंतर. भेटूया पुढच्या भागात.