कागद वाचून द्या, सर

परभणीत इतिहास शिकवण्यात माझी उभी हयात गेली, पण विभागाच्या दारात रांग लागली ती 2023च्या दिवाळीच्या सुमाराला. तोवर ज्याला दुसरं काही मिळत नाही तो इतिहास घेतो, असा स्टाफरूममधला समज होता. (आम्हीही तो फारसा खोडून काढला नाही.) आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण झालं, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधू लागली आणि गावोगावच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या. एक कागद तर सोयाबीन बियाण्याच्या पिशवीतून आला.

"सर, एवढं वाचून द्या."

बहुतेक कागद मोडी लिपीतले, आणि एम.ए.ला मला मोडी कुणी शिकवली नव्हती. तासिका तत्त्वावर होतो तेव्हा उन्हाळ्यात तास नसत, म्हणजे पगारही नसे. त्या रिकाम्या मे महिन्यांत बाराखडी गिरवली.

वाचन सुरू होतं ते खिडकीपाशी. हात कोरडे, पंखा बंद. घडीवर चिरलेला कागद ओढायचा नाही. मोडीत शिरोरेषा आधीच आखलेली असते, अक्षरं तिला लटकत पळत जातात आणि शब्द कुठं संपला हे सांगायला जागाही सोडलेली नसते. म्हणून मी पहिल्या ओळीला हात घालत नाही. आधी गावाचं नाव हुडकतो, कारण ते मला माहीत असतं. त्यातली चार अक्षरं हाती लागली की त्या कारकुनाचं वळण कळतं. मग त्याचा 'क' कुठंही भेटला तरी ओळख देतो. ऱ्हस्व-दीर्घाची अपेक्षा मात्र ठेवायची नाही. उर्दू शिकस्ता निघाली की मी हात टेकतो आणि एका निवृत्त उर्दू मास्तरांचं दार ठोठावतो.

मग साल. 1357 असं ऐकलं की समोरच्याचे डोळे विस्फारतात. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा कागद! ते फसली साल. निजामाच्या राज्यात ते ऑक्टोबरात बदलायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेत 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढे 591. म्हणजे हा कागद 1947-48चा, बहुधा निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा. वर्गात हे गणित फळ्यावर मांडलं की पोरं जांभया देतात. तेच घरून 'आजीचा जन्म रझाकारात झाला' एवढी नोंद आणायला सांगितलं की दुसऱ्या दिवशी वही भरलेली असते.

परवा जिंतूर तालुक्यातले एक आजोबा नातवाला घेऊन आले. नातू प्रत्येक ओळीला विचारत होता, "सर, 'कु' दिसतोय का?" अर्ध्या तासानं मला कबूल करावं लागलं की जातीचा उल्लेख कुठंच नाही, हे बैलाचं गहाणखत आहे. नातवानं मोबाईल काढला, बसची वेळ बघू लागला. आजोबा उठले नाहीत.

"आमच्या आज्याचा बैल?"

"हो."

"रंग लिव्हलाय का?"

मी कागद पुन्हा उजेडाला धरला. लिहिला होता. तांबडा.