भिंतीवरचा आकडा

जानेवारी 2004 मध्ये शिकागोच्या फेडरल प्लाझात लष्करी बुटांचे 504 जोड ओळीने मांडले होते. इराकमध्ये तोवर मेलेल्या प्रत्येक अमेरिकी सैनिकामागे एक जोड, आणि जोडाला नाव, हुद्दा, वय लिहिलेली चिठ्ठी. ‘अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी’ या क्वेकर संस्थेचं हे प्रदर्शन पुढे शहरोशहरी फिरलं आणि मृतांबरोबर वाढत गेलं. घरची माणसं येत, आपल्या मुलाचे बूट शोधत, त्यात फोटो, पत्र ठेवून जात. शेजारी इराकी नागरिकांसाठी साधे जोडे, त्यात लहान मुलांचेही. हे मात्र माणसामागे एक असे मांडणं शक्यच नव्हतं.

या बुटांमागे लागून मी येऊन थांबलो तो इराकमधल्या बसऱ्याला.

त्याच इराकात, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिच्यातच होत्या. धान्य संपत आलं तसे घोडे कापले गेले. धर्म बुडेल म्हणून कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस तोंडाला लावलं नाही आणि ते खंगत गेले. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. पुढच्या वाळवंटी पायपिटीत आणि तुर्की छावण्यांत हजारो कैदी मेले.

मेसोपोटेमियात मेलेल्या, पण कबर ठाऊक नसलेल्या 40 हजारांहून अधिक जणांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक उभारलं. 27 मार्च 1929 ला अनावरण झालं. भिंतीवर इंग्रज शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं आहे. हिंदी शिपायाचं नाही. पलटणीखाली ‘आणि इतर इतके’ असा आकडा कोरून काम उरकलं. हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाचं नाव, हा अशी स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्हज कमिशनचा स्वतःचा नियम! तो मोडल्याची कबुली आणि माफी यायला 2021 उजाडलं. मला ही माफी अपुरी वाटते.

सद्दाम हुसेनच्या हुकमाने 1997 मध्ये ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं गेलं. 2003 मध्ये त्याच नासिरियात अमेरिकी सैनिक पडले. त्यांची नावं वर्षभरात शिकागोत बुटांवर लागली.

आपल्याकडच्या गावागावांतल्या महायुद्धाच्या शिळाही बसऱ्याच्या भिंतीसारख्याच, नुसता आकडा: इतके गेले, इतके कामी आले.

भंडाऱ्याला हे दूरचं वाटू नये. 24 जानेवारी 2025 च्या सकाळी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळलं, कामगारांचे जीव गेले. दारूगोळा बनवताना जाणारा माणूस युद्धाच्या हिशेबात धरलाच पाहिजे. शिकागोच्या बुटांसारखं फिरतं प्रदर्शन आपल्याकडे कधी निघालं, तर ते भंडाऱ्यातून निघावं आणि त्यात या कामगारांची नावं असावीत, घरच्यांनी दिल्या तर त्यांच्या वस्तूही.

एक विनंती. महायुद्धात मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकार काशाची गोल तबकडी पाठवत असे. तळहाताहून मोठी, वर ब्रिटानिया आणि सिंह, कडेला चौकटीत मृताचं नाव, हुद्द्याशिवाय. हिंदी शिपायांच्या घरीही त्या आल्या. भंडारा पितळी भांड्यांचं गाव. जुनी भांडी मोडीत निघतात, त्यांत अशी तबकडी दिसली तर वितळवायला देऊ नका. आधी नाव वाचा आणि लिहून ठेवा.