गाडीचे स्पीकर बदलताय? खोक्यावरच्या वॅटला भुलू नका

सेडान घेऊन चार-पाच वर्षे झाली, की आवाज जरा वाढवला तरी गाणे फाटू लागते. मग ॲक्सेसरीजच्या दुकानात '३०० वॅट' छापलेला खोका पुढे येतो. हा आकडा बहुधा क्षणभर पेलणाऱ्या कमाल ताकदीचा असतो. पाहायचा तो 'आरएमएस', म्हणजे स्पीकर सतत किती वॅट झेलू शकतो तो आकडा.

पण खरी मेख स्टिरिओत आहे. गाडीसोबत आलेला साधा स्टिरिओ प्रत्येक स्पीकरला सतत साधारण १५ ते २० वॅटच देतो. त्यावर दणकट स्पीकर लावला, तर तो जुन्यापेक्षाही बारीक वाजू शकतो. ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल, तर वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी बघावी. ती ३ डेसिबलने जास्त असेल, तर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये मिळतो. ९० डेसिबल किंवा त्याहून जास्तीचा स्पीकर बरा. ओहम मात्र जुन्या स्पीकरइतकेच ठेवावेत. बहुतेक गाड्यांत ते ४ असतात.

पुढच्या दारात अनेकदा साडेसहा इंची स्पीकर बसतो. फक्त व्यास जुळून भागत नाही. खोली जास्त असेल, तर काच खाली येताना चुंबकाला अडते. चारही एकदम बदलायची घाई नको. पुढचे दोन बदलले तरी ड्रायव्हरला फरक कळतो.

सर्वाधिक नुकसान होते ते दार उघडताना. पावसाचे पाणी काचेवरून दारात उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर जाते. ते आत येऊ नये म्हणून दाराच्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. घाईत तो फाटला, की जुलैत पायाखालचे कार्पेट ओले होते. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा दाब ओळखणारा सेन्सरही याच पोकळीत असतो, त्यामुळे तिथे उघडी भोके ठेवणे धोक्याचे.

वायर कापू देऊ नये, गाडीच्या मॉडेलचा कपलर मागावा. कापलेल्या वायरिंगवरून वॉरंटीचा दावा अडू शकतो. शिवाय एका बाजूचे प्लस-मायनस उलटे लागले, तर दोन्ही स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलतात आणि बेस गायब होतो. दुकानातून निघण्यापूर्वी बॅलन्स पूर्ण एका बाजूला करून ऐकावे. एकट्या बाजूला बेस जास्त आणि मध्यावर कमी वाटला, तर वायर उलटी लागली आहे.