इशाऱ्याची स्वीडिश भाषा

मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीपासून चिंचवडपर्यंतचा जो पट्टा गेल्या साठ वर्षांत यंत्रांच्या घरघरीने भरून गेला, त्याच्या घडणीत स्वीडन या सुदूर उत्तरेकडील देशाचा वाटा केवढा आहे, याची जाणीव तेथे नोकरी केलेल्या घरांबाहेर फारशी कोणास नसावी. दापोडीस अल्फा लावल, सँडविक आणि अ‍ॅटलस कॉप्को, चिंचवडास एसकेएफ आणि अलीकडच्या काळात चाकणास टेट्रा पॅक, असे हे मूळचे स्वीडिश कारखानदार येथे स्थिरावले. त्यांपैकी एसकेएफची स्थापना १९०७ साली गोथेनबर्ग येथे स्वेन विंगक्विस्ट यांनी केली, तर अल्फा लावलचे मूळ १८८३ पर्यंत मागे जाते. या नात्यामुळे आपल्याकडील अभियंते आणि कुशल कारागीर प्रशिक्षणासाठी वा कामासाठी तिकडे जातात, आणि जाण्यापूर्वी थोडीफार स्वीडिश शिकण्याचा प्रयत्नही करतात.

परंतु हे शिक्षण कोठून सुरू व्हावे, याविषयी माझे मत प्रचलित पाठ्यपुस्तकांहून भिन्न आहे. ती पुस्तके नमस्कार-चमत्कार, नाव-गाव आणि कॉफीची मागणी यांपासून प्रारंभ करतात. वास्तविक या सर्व गोष्टी स्वीडनमध्ये इंग्रजीत सहज निभावतात, कारण तेथील बहुतेकांस इंग्रजी उत्तम येते. जेथे इंग्रजी निभावत नाही अशी जागा एकच, आणि ती म्हणजे संकटाचा क्षण. डोक्यावरून क्रेनचा आकडा झुलत येत असता मनुष्य दुसऱ्याला सावध करण्यासाठी शब्दांची निवड करीत बसत नाही; आपल्या कारखान्यातला ऑपरेटर ‘सरक!’, ‘हात काढ!’, ‘लोड येतोय, बाजूला व्हा!’ असे जे ओरडतो, ते त्याच्या मातृभाषेत ओरडतो, आणि स्वीडिश कामगारही त्या क्षणी स्वतःच्या भाषेतच ओरडणार. तो शब्द कानी पडताच पाऊल मागे यावे, इतका तो कानास परिचित असला पाहिजे.

या शब्दांत अग्रस्थान ‘से उप्प’ या उद्गाराचे. शब्दशः ‘वर पाहा’ असा त्याचा अर्थ असला, तरी संकट वरूनच यावे असे नाही. मागून येणारी सायकल, उघडे गटार, उकळते पाणी, कशासाठीही तो चालतो, आणि त्यातील सारा जोर ‘उप्प’वर पडतो. त्याच्या जोडीचा ‘आक्ता देय’, म्हणजे ‘स्वतःला जप’. हा अधिक जवळिकीचा आहे, आणि आई मुलाला चुलीपासून दूर करते तेव्हाही तोच वापरते. पुष्कळांना उद्देशून बोलायचे असल्यास ‘आक्ता एर’ म्हणावे. ठेंगण्या दारातून जाताना ‘आक्ता हुवुदेत’, म्हणजे डोके सांभाळा. जो मनुष्य बेसावधपणे चालतो आहे त्याला ‘से देय फ्योर’ म्हणतात, आणि त्यात किंचित कानउघाडणीही असते. ‘पास्सा देय’ हा प्रयोग मात्र नवख्याने जपून करावा, कारण स्वराच्या थोड्याशा फेरफाराने तो काळजीचा न राहता धमकीचा होतो. आपल्याकडे ‘खबरदार’ या फारसी शब्दाची हीच गत झाली: जो शब्द मुळात ‘माहिती असलेला, सावध’ एवढेच सांगत होता, तो आज कोणी उच्चारला तर ऐकणारा प्रथम रागावतो आणि मग सावध होतो.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसास एक अनपेक्षित अनुकूलता लाभली आहे, आणि तिचा उल्लेख व्हावा तितका होत नाही. स्टॉकहोम, गोथेनबर्ग आणि उत्तरेकडील बहुतेक मुलखात ‘र’ नंतर दंत्य व्यंजन आले, की दोहोंचा मिळून एक मूर्धन्य वर्ण होतो. र आणि त यांचा ट, र आणि न यांचा ण, र आणि स यांचा ष, र आणि ल यांचा ळ. म्हणून धोक्याच्या पाटीवरील जो शब्द इंग्रज मनुष्य ‘वार्निंग’ असा वाचील, त्याचा खरा उच्चार ‘वाणिंग’ असा आहे. ‘जपून’ या अर्थाचा शब्द ‘फ्यषिक्तित’ होतो, आणि विजेच्या खोलीवरील ‘प्राणघातक’ या अर्थाचा शब्द ‘लिव्सफाळित’ असा आपल्या ‘ळ’सह उच्चारला जातो. इंग्रजी वा फ्रेंच भाषकास जे वर्ण मोठ्या सायासाने साधावे लागतात, ते आपण बाराखडीबरोबर शिकलेले असतो. दक्षिणेकडील स्कोने प्रांतात, जेथे टेट्रा पॅकचे लुंड शहर आहे, ‘र’ घशातून निघतो आणि हे मूर्धन्यीकरण होत नाही. तेव्हा तिकडे जाणाराने ‘वार्निंग’शी मिळताजुळता, परंतु घोगऱ्या ‘र’चा उच्चार ऐकण्याची तयारी ठेवावी. कठीण जातो तो ‘फ्योर’मधील स्वर; ओठ ‘ओ’साठी गोल करून जीभ ‘ए’साठी ठेवली म्हणजे तो बराचसा जमतो.

कारखान्याच्या फाटकाबाहेरही अशा शब्दांची गरज पडते, आणि ती आपल्या हवामानात वाढलेल्या माणसाच्या कल्पनेत न येणाऱ्या कारणांनी. ‘हाल्का’ म्हणजे बर्फाचा निसरडेपणा. ‘ताकरास’ म्हणजे छपरावरील बर्फ एकदम घसरून पदपथावर कोसळणे, आणि त्याची सूचना देणारी पाटी भिंतीशी दिसली की रस्त्याच्या त्या बाजूने चालू नये. वाहतुकीचेही ध्यानात ठेवावे. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता स्वीडनने डावीकडून गाडी हाकणे सोडून उजवीकडून हाकणे स्वीकारले. आपली नजर सवयीने प्रथम उजवीकडे जाते आणि गाडी येते डावीकडून, तेव्हा सोबतच्याचे ‘से उप्प’ ऐकू येणे अगत्याचे आहे.

भोंग्याचा अर्थही नव्याने शिकावा लागतो. चिंचवडच्या माणसाला भोंगा म्हणजे पाळी बदलणे. स्वीडनमध्ये भोंगा म्हणजे सार्वजनिक संकटाची वर्दी. त्याला लोक ‘हेसा फ्रेड्रिक’, म्हणजे घोगरा फ्रेड्रिक म्हणतात. सात सेकंद आवाज आणि चौदा सेकंद शांतता असे आळीपाळीने चालू झाले, की घरात जावे, खिडक्या लावाव्यात आणि रेडिओ ऐकावा, असा संकेत आहे. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर यांच्या पहिल्या सोमवारी दुपारी तीन वाजता त्याची चाचणी होते, म्हणून त्या वेळी घाबरून जाण्याचे कारण नाही.

आता या सर्वांहून मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ‘आक्ता देय’ हे शब्द एखादा उमेदवार कारखान्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यालाही जसेच्या तसे म्हणू शकतो. १९६७ साली तेथील वैद्यकीय मंडळाचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपण सर्व सहकाऱ्यांना एकेरीत संबोधणार असे जाहीर केले, आणि जो बदल समाजात आधीच मूळ धरीत होता तो पाहता पाहता सर्वत्र रूढ झाला. राजघराण्याचा अपवाद सोडल्यास आदरार्थी संबोधन जवळजवळ लोपले. आपल्याकडे मात्र हेल्परने साहेबांना सावध करायचे झाल्यास ‘अहो साहेब, जरा…’ अशी सुरुवात होते, आणि त्या ‘अहो’त आणि ‘जरा’त जो क्षण जातो, तो कधी कधी परत मिळत नाही. आदर हा आपल्या भाषेचा अलंकार आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण क्रेनखाली तो बाजूला ठेवण्याची मुभा आहे, असे प्रत्येक सुपरवायझरने आपल्या माणसांना स्वतःहून सांगावे.

स्वीडिश कायद्याने हा अधिकार नुसत्या ओरडण्यापुरता ठेवलेला नाही. पाच किंवा अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे ‘स्क्यिद्स-ओम्बूद’, म्हणजे कामगारांचा सुरक्षा प्रतिनिधी असतो, आणि जीवितास वा प्रकृतीस तात्काळ व गंभीर धोका दिसल्यास, मालकाकडून उपाय होत नसेल तर, तो काम थांबवू शकतो. आपल्याकडेही भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना समोर दिसणारा धोका व्यवस्थापनाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क मिळाला, आणि असा धोका कळताच उपाययोजना करण्याची जबाबदारी मालकावर आली. काम थांबवण्याचा अधिकार आणि धोका कळवण्याचा हक्क यांत अंतर आहे, आणि ते कमी व्हावे असे मला मनापासून वाटते.

हे शिक्षण दोन्ही बाजूंनी व्हावयास हवे. स्वीडनहून यंत्र बसवण्यासाठी जो तंत्रज्ञ चाकणला येतो, त्याला पहिल्या दिवशी हेल्मेट, बूट आणि सुरक्षेच्या सूचनांचा कागद मिळतो, पण ‘सरका’, ‘वर बघा’, ‘हात काढा’ हे शब्द सहसा कोणी शिकवीत नाही. त्यात आज चाकणच्या शॉपफ्लोअरवर मराठीइतकीच हिंदी चालते, आणि बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश येथून आलेला कामगार ‘हटो’ किंवा ‘देखके’ असेच ओरडणार. तेव्हा पाहुण्यास दोन्ही भाषांतले हे चार-सहा शब्द, त्यांचा नेमका स्वर आणि जोर यांसह, मोठ्याने म्हणवून घ्यावेत. कागदावर वाचलेला शब्द आणि प्रेसच्या धडधडाटात ओरडलेला शब्द कानाला एक वाटत नाहीत, म्हणून हा सराव यंत्रे चालू असतानाच, पिवळ्या पट्ट्याच्या सुरक्षित बाजूस उभे राहून करणे उत्तम.