कोलाडच्या दगडातलं तांबं

सह्याद्रीच्या काळ्या फत्तराच्या एका टनात साधारण शंभर-दोनशे ग्रॅम तांबं असतं आणि शंभरेक ग्रॅम जस्त. समईचं पितळ ज्या दोन धातूंचं, ते दोन्ही कोलाडला कुंडलिकेच्या पात्रातल्या धोंड्यांत दडलेले आहेत! तरी या दोघांचं देखणं लेकरू, ऑरिकॅल्साइट, तिथे शोधायला जाऊ नये.

ऑरिकॅल्साइट म्हणजे जस्त आणि तांब्याचं कार्बोनेट. हिरवट निळ्या, केसाएवढ्या बारीक सुयांचे झुबके. काठिण्य जेमतेम एक ते दोन, म्हणजे नखाने सहज ओरखडा उठतो. रंग सगळा तांब्याचा. जस्ताला स्वतःचा रंग नाही. तांबं काढून टाका, उरतं ते हायड्रोझिंकाइट, पांढरंफटक.

हे घडायला जस्ताचं आणि तांब्याचं गंधकयुक्त धातुक शेजारीशेजारी लागतं. हवा-पाण्याने ते कुजतं, गंधकाचं आम्ल होतं आणि दोन्ही धातू पाण्यात उतरतात. वाटेत चुनखडक भेटला की आम्ल शमतं, कार्बोनेट मिळतं आणि पोकळीच्या भिंतीवर निळ्या सुया धरू लागतात. मेक्सिकोतल्या मापिमीची ओहुएला खाण यासाठीच नावाजलेली: तिथे चुनखडकातलं धातुक आहे आणि वर कोरडं वाळवंट.

कोलाडला पोकळ्यांची वाण नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांचीच ती घरं. पण धातू खडकभर विखुरलेले, त्यांना एकत्र आणणारं धातुक नाही, चुनखडकाचे थर नाहीत.

आणि तरीही अशा खडकाच्या पोकळ्यांना हिरवट निळं अस्तर दिसतं! ते सेलाडोनाइट, अभ्रकाच्या कुळातलं, रंग लोखंडाचा. पुण्याजवळच्या वाघोलीला याच फत्तरात गर्द निळं कॅव्हन्साइट मिळतं, त्याचा रंग व्हॅनेडियमचा. म्हणून दगडातली निळाई पाहून ‘तांबं!’ म्हणायची घाई मला पटत नाही.

पारख साधी आहे. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ऑरिकॅल्साइट फसफसतं, सेलाडोनाइट नाही. फक्त थेंब नेमका अस्तरावरच पडायला हवा. त्याच पोकळीत बऱ्याचदा कॅल्साइटचे स्फटिक बसलेले असतात आणि तेही तितक्याच उत्साहाने फसफसतात.