रेघ गळाली, राग बदलला

गाणे ही गुरुमुखातून घ्यावयाची विद्या आहे, ती कागदावर उतरत नाही, असे जाणती माणसे सांगतात. आपल्या पंढरपुरात तर ते पदोपदी पटते. आषाढी-कार्तिकीला येणाऱ्या दिंड्यांतील मंडळींना चाली कोणी लिहून दिलेल्या नसतात. एकाने म्हणावे, दहांनी उचलावे, असेच हे चालत आले आहे. परंतु ज्या गावची तरुण पोरे पोटासाठी पुण्या-मुंबईला गेली, तेथे उचलणारे दहा जण उरत नाहीत, आणि मग चाल म्हाताऱ्या माणसांबरोबरच जाते. म्हणून आमच्या गावच्या भजनी मंडळाने आपल्या चाली लिहून ठेवण्याचे ठरविले. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, तेव्हा हे काम साहजिकच माझ्याकडे आले. संगणकावर आणि मोबाइलवर स्वर लिहिताना काय काय बिघडते आणि ते कसे सुधारावे, याविषयी जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम लिपीविषयी. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे. शिक्षणाने वकील, पण आयुष्य वेचले संगीतासाठी. देशभर हिंडून त्यांनी बंदिशी जमविल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांतून प्रसिद्ध केल्या. त्यांची स्वरलिपी एका बैठकीत समजण्यासारखी आहे. अक्षरे आपलीच : सा, रे, ग, म, प, ध, नि. स्वर कोमल असेल तर त्याखाली आडवी रेघ. मध्यम तीव्र असेल तर त्याच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब, तार सप्तकातील स्वरावर टिंब. शुद्ध स्वराला मात्र काहीच खूण नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण सारा घोटाळा तेथेच आहे.

खूण नसणे म्हणजे शुद्ध, असे एकदा ठरले की गळालेली खूणही वाचणाऱ्याला शुद्ध स्वरच सांगते. भैरवीत रे, ग, ध आणि नि हे चारही स्वर कोमल असतात. त्या चार रेघा पुसल्या तर उरतात ते बिलावल थाटाचे स्वर. यमनात मध्यम तीव्र असतो. त्याच्या डोक्यावरची एक रेघ गेली तरी उरतो तो बिलावलच. म्हणजे मैफल संपवणारी भैरवी आणि संध्याकाळी रंगणारा यमन, दोन्ही एकाच घरात जाऊन बसतात! शुद्धलेखन चुकले तर निदान डोळ्याला खुपते. येथे काहीच खुपत नाही. पान नीटनेटके दिसते आणि चाल मात्र मेलेली असते.

आमच्याकडे असेच घडले. भैरवीतील एका चालीचे स्वर आम्ही एका दुकानात टाइप करून घेतले होते. छापील कागदावर साऱ्या रेघा जागच्या जागी होत्या. तोच मजकूर तेथून उचलून मोबाइलवरून पुण्यातील मुलांना पाठविण्यात आला. त्यांतील दोघे पेटी शिकलेले आहेत. त्यांनी स्वर बघून चाल बसविली आणि फोनवर आजोबांना ऐकविली. आजोबा दोन ओळी ऐकून म्हणाले, “पोरा, ही चाल आपली न्हाई.” आजोबांना अक्षरओळख नाही. पण बिघाड प्रथम पकडला तो त्यांनी.

कारण शोधल्यावर ते साधेच निघाले. कोमल स्वराखालची रेघ ही टाइप करताना ‘अधोरेखित’ करण्याच्या सोयीने ओढलेली होती. अशी रेघ म्हणजे अक्षराचा भाग नव्हे, अक्षराला चढविलेला साज होय. मजकूर एका ठिकाणाहून उचलून साध्या संदेशात टाकला की अक्षरे जातात, साज मागे राहतो. यावर उपाय असा की रेघ ही अक्षर म्हणूनच द्यावी. युनिकोड या जागतिक अक्षरसंचात देवनागरीसाठी अनुदात्ताची खूण (॒) क्रमांक ०९५२ वर आहे आणि उभ्या रेघेची खूण (॑) ०९५१ वर आहे. मुळात या वेदपाठाच्या खुणा. त्याच आपल्या रे॒, ग॒, ध॒, नि॒ आणि म॑ यांच्या कामी येतात. वर्डमध्ये स्वरापाठोपाठ तो क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाइप करून आल्ट व एक्स या कळा एकत्र दाबल्या की खूण उमटते. मोबाइलवर ती सहसा हाताशी नसते, म्हणून एका कोऱ्या पानावर सर्व खुणांसह स्वर लिहून ठेवावेत आणि तेथून उचलावेत.

दुसरा बिघाड क्रमाचा. एकाच स्वराला दोन खुणा आल्या की पडद्यावर कधी ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ उमटते, कधी टिंब भलतीकडे सरकते. संगणकाला खुणा ठराविक क्रमानेच हव्या असतात : आधी अक्षर, मग खालचे टिंब म्हणजे नुक्ता, मग काना-मात्रा-वेलांटी, मग वरचे टिंब म्हणजे अनुस्वार आणि सर्वांत शेवटी रेघ. मंद्र सप्तकातला कोमल निषाद लिहायचा तर न, नुक्ता, वेलांटी, रेघ. तार सप्तकातला कोमल ऋषभ लिहायचा तर र, मात्रा, अनुस्वार, रेघ. ठिपक्यांचे वर्तुळ दिसले की सबंध स्वर पुसून या क्रमाने पुन्हा लिहावा. हा बिघाड मला सज्जन वाटतो, कारण तो निदान ओरडून सांगतो. जुन्या धाटणीच्या फाँटचेही असेच. त्यात दिसायला मराठी अक्षर असते, पण संगणकाच्या पोटी साठते ते इंग्रजी अक्षर वा चिन्ह. दुसऱ्या यंत्रावर तो फाँट नसला की सगळी अगम्य चिन्हे दिसतात. तेथे फसगत होत नाही, फक्त काम वाढते.

तिसरा बिघाड तालाचा. भातखंडे पद्धतीत स्वर लांबला की पुढच्या मात्रेखाली लहान आडवी रेघ देतात, शब्द लांबला की अवग्रह (ऽ) देतात. अशा दोन रेघा लागोपाठ टाइप केल्या तर काही प्रोग्रॅम शहाणपणाने त्यांची एकच रेघ करतात आणि दोन मात्रांची एक मात्रा होते. मोकळी जागा सोडून मात्रा एकाखाली एक आणाव्यात तर प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, त्यामुळे रांगा वाकड्या होतात आणि समेचा स्वर खालीवर कोठेही पडतो. यासाठी तक्ता आखावा, एका मात्रेला एक घर. तीनतालाची घरे सोळा, चार-चार-चार-चार. झपतालाची दहा, दोन-तीन-दोन-तीन. घरे मोजली की चूक सापडते.

मोजण्याची ही कल्पना मला ‘लिलिपाँड’वरून सुचली. नेदरलँड्समध्ये १९९६ साली सुरू झालेला हा विनामूल्य प्रोग्रॅम पाश्चात्त्य संगीताचे लेखन साध्या अक्षरांतून घेतो आणि पाच रेघांची सुबक छपाई तयार करतो. त्याच्या मूळ पद्धतीत ‘बी’ हा स्वर कोमल करायचा तर ‘बीईएस’ अशी तीन अक्षरे लिहितात. कोमलपणा अक्षरातच असल्यामुळे तो वाटेत गळत नाही. उभी रेघ दिली की तेथवरचा भाग मात्रांनी पुरा झाला की नाही, हे तो प्रोग्रॅम तपासतो आणि न झाल्यास ओळीच्या क्रमांकासह इशारा देतो. आमच्या भजनी मंडळाला पाच रेघांची लिपी वाचता येत नाही, म्हणून तो प्रोग्रॅम घेतला नाही. त्याची शिस्त मात्र घेतली.

इंग्रजी अक्षरांत सरगम लिहिणाऱ्यांनीही सावध राहावे. त्यात मोठा ‘आर’ म्हणजे शुद्ध ऋषभ, लहान ‘आर’ म्हणजे कोमल. मोबाइल मात्र ओळीचे पहिले अक्षर आपणहून मोठे करतो. ओळ कोमल ऋषभाने सुरू होत असेल तर तो न विचारता शुद्ध होतो. ही सोय आधी बंद करावी.

आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिपीचे नाव लिहावे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत स्वरावरचे टिंब मंद्र सप्तक दाखविते. भातखंड्यांच्या पद्धतीत तेच टिंब तार सप्तकाचे. एका टिंबाने दोन सप्तकांचे अंतर पडते, आणि तेही कोणाची चूक नसताना!

या सर्व दुरुस्त्या करूनही एक तपासणी उरते. ज्याने चाल कधी ऐकलेली नाही अशा माणसाने ती केवळ कागदावरून म्हणावी आणि ज्याला ती पाठ आहे त्याने डोळे मिटून ऐकावी. लिहिणाऱ्याने स्वतः म्हणून पाहण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या कानात चाल आधीच असते आणि गळालेली रेघ तो नकळत भरून काढतो. आम्ही आता प्रत्येक पान असेच पडताळतो. वाचणारा पुण्यात, ऐकणारे आजोबा गावात. आजोबांनी मान डोलावली तरच पान वहीत जाते.

आपल्या महाविद्यालयात खेडोपाड्यांतून येणारे कितीतरी विद्यार्थी आहेत. प्रत्येकाच्या घरात कोणी आजी ओव्या म्हणत असेल, कोणी काका भजनात पुढे उभे राहत असतील. त्यांच्या चाली जरूर लिहून काढाव्यात. पण त्या तपासून देणारे कान अजून घरात आहेत, तोवरच हे काम उरकावे. कागद पुढेही मिळेल, ते कान मिळणार नाहीत.