दिव्याच्या उजेडातला फोटो आणि मागची ओळ



या भित्तिपत्रकाच्या शेजारी आमच्या सातवीच्या वर्गाचे दोन फोटो चिकटवले आहेत. आधी ते नीट पाहा आणि मग हा लेख वाचा.

पहिला फोटो भर पावसाच्या दिवशी वर्गातच काढलेला आहे. आभाळ गच्च भरले होते, वीज गेली होती, खिडक्यांतून जेमतेम उजेड येत होता. फ्लॅश मारला की भिंतीवरच्या तसबिरींच्या काचा चकाकत. तेव्हा फोटोवाले काका म्हणाले, "असू द्या. माझ्याकडं फास्ट लेन्स आहे. अंधारातसुद्धा फोटो निघतो." आणि खरोखरच निघाला! पहिल्या ओळीतल्या मुलींच्या रिबिनींची वीणसुद्धा दिसते. पण शेवटच्या ओळीकडे पाहा. तिथे चेहरे नाहीत, नुसते धुक्यातले गोळे आहेत.

पालकसभेच्या दिवशी एक आई हा फोटो पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "ह्यात माझं पोरगं कुठं हाय?"

मुलगा फोटोत होता. उजेडही पुरला होता. मग चेहरा गेला कुठे? मी स्वतः शेवटच्या ओळीत उभी होते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या मनाला फार लागला. गुरुजींना विचारले, पुस्तके चाळली, शाळेच्या प्रयोगपेटीतले भिंग घेऊन करून पाहिले. जे समजले ते इथे लिहिते.

तांब्या आणि घमेले

पाऊस पडत असताना अंगणात एक तांब्या ठेवा आणि शेजारी एक घमेले ठेवा. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण घमेल्यात जास्त पाणी साठते. का? तर त्याचे तोंड मोठे आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाचेही तसेच आहे. भिंगाच्या आत एक छिद्र असते. ते लहानमोठे करता येते. छिद्र जितके मोठे तितका जास्त उजेड आत येतो आणि फोटोला वेळ कमी लागतो. वेळ कमी लागतो म्हणून मोठ्या छिद्राच्या भिंगाला फोटोवाले 'फास्ट लेन्स' म्हणतात. ते भिंग काही पळत नाही!

आपल्या डोळ्यांतही असेच छिद्र आहे. त्याला आपण बाहुली म्हणतो. कडक उन्हात बाहुली साधारण २ मिलीमीटर रुंद असते आणि अंधारात ती ७ मिलीमीटरपर्यंत मोठी होते. उन्हातून एकदम घरात आले की आधी काही दिसत नाही आणि हळूहळू दिसू लागते, त्याचे हे एक कारण आहे.

छिद्र किती मोठे आहे हे सांगायला एक आकडा असतो. त्याच्यामागे 'एफ' हे अक्षर लावतात. हिशेब सोपा आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या रुंदीने भागायचे. समजा नाभीय अंतर ५० मिलीमीटर आहे आणि छिद्र २५ मिलीमीटर रुंद आहे. ५० भागिले २५ म्हणजे २, म्हणून ते एफ/२ झाले. छिद्र १२.५ मिलीमीटर केले तर एफ/४ होईल. म्हणजे आकडा लहान, तर छिद्र मोठे! इथे पुष्कळांची फसगत होते.

आणखी एक गंमत पाहा. एफ/२ वरून एफ/४ वर गेले की छिद्राची रुंदी निम्मी होते, पण क्षेत्रफळ पाव होते, म्हणून उजेड पाव येतो. एफ/८ वर गेले तर सोळावा हिस्साच येतो. मग तेवढाच उजेड गोळा करायचा तर भिंग सोळा पट जास्त वेळ उघडे ठेवावे लागते.

नरसाळ्याची गंमत

आता मागच्या ओळीकडे वळू.

तुमच्या नाकाच्या शेंड्यावरचा एकच ठिपका घ्या. त्याच्यावरून निघालेला उजेड पसरत पसरत भिंगाच्या सगळ्या तोंडावर पडतो. भिंग त्याला पुन्हा गोळा करून आत एका टोकाला आणते. म्हणजे भिंगामागे उजेडाचे एक नरसाळे तयार होते, रुंद तोंड भिंगाकडे आणि निमुळते टोक आत. हे टोक बरोबर कॅमेऱ्यातल्या पडद्यावर (पूर्वीच्या कॅमेऱ्यात फिल्मवर) आले, तर ठिपक्याचा ठिपकाच उमटतो. यालाच फोकस जमला असे म्हणतात.

पण एका वेळी एकाच अंतरावरच्या वस्तूचे टोक पडद्यावर बसते. काकांनी पहिल्या ओळीवर फोकस धरला होता. मागच्या ओळीतल्या मुलांच्या नरसाळ्याचे टोक पडद्याच्या अलीकडेच झाले आणि पुढे उजेड पुन्हा पसरला. त्यामुळे ठिपक्याची झाली चकती. डोळ्याची चकती, नाकाची चकती, ओठांची चकती, सगळ्या एकमेकींत मिसळल्या आणि चेहरा पुसला गेला.

आता मुख्य गोष्ट. छिद्र मोठे असेल तर नरसाळे रुंद होते आणि चकतीही मोठी होते. छिद्र लहान केले तर नरसाळे बारीक होते आणि चकती इतकी लहान होते की डोळ्याला ती ठिपकाच वाटते. म्हणजे ज्या मोठ्या छिद्राने आम्हांला उजेड दिला, त्यानेच मागची ओळ पुसली. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले!

आजीला सुईत दोरा ओवताना पाहिले आहे का? ती डोळे बारीक करते. तिला हे गणित कोणी शिकवले नाही, पण ती डोळ्याचे छिद्र लहान करून चकती लहान करत असते.

बोके, पण आपले नव्हेत

हा धूसरपणा नेहमी वाईटच असतो असे नाही. एकट्या माणसाचा फोटो असेल आणि मागे बाजाराची गर्दी असेल, तर गर्दी धूसर झालेली बरी. चेहरा उठून दिसतो. लग्नाच्या मांडवातल्या दिव्यांच्या माळा मागे असतील तर प्रत्येक दिव्याची छान गोल चकती होते. अशा धूसरपणाला जपानी भाषेत 'बोके' म्हणतात आणि जगभरचे फोटोवाले आता तोच शब्द वापरतात. दूध पिणारे बोके वेगळे!

मोबाईलचे भिंग अगदी लहान असते. आकडा एफ/१.८ असा दिसला, तरी नाभीय अंतरच थोडे मिलीमीटर असल्याने खरे छिद्र दोन-चार मिलीमीटरचेच असते. म्हणून पुष्कळ मोबाईल मागचा धूसरपणा हिशेब करून तयार करतात. त्यात चूक झाली की एखाद्याचा कान नाहीतर केसांची बट मागच्या गर्दीबरोबर पुसली जाते. बारकाईने पाहा म्हणजे सापडेल.

मेणबत्तीचा सिनेमा

मोठ्या छिद्राच्या भिंगाचा इतिहास मोठा आहे. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची फोटो काढण्याची रीत जाहीर झाली. तेव्हा भिंगात उजेड फार थोडा येई. माणसाला कित्येक मिनिटे न हलता बसावे लागे. डोके हलू नये म्हणून मागे आधार लावत. १८४० साली व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झव्हाल यांनी कागदावर गणित मांडून एफ/३.६ चे भिंग तयार केले. पुढे रसायनेही सुधारली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. त्या भिंगाच्या फोटोत मधला चेहरा स्पष्ट आणि कडा धूसर दिसत.

पण सर्वांत नवलाची गोष्ट 'बॅरी लिंडन' या इंग्रजी सिनेमाची आहे. तो १९७५ साली आला. गोष्ट अठराव्या शतकातली, म्हणजे विजेच्या दिव्यांच्या आधीची. दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक यांना रात्रीचे काही प्रसंग खऱ्या मेणबत्त्यांच्याच उजेडात घ्यायचे होते. फोटो असता तर जास्त वेळ भिंग उघडे ठेवून भागले असते. सिनेमात ते चालत नाही. तिथे एका सेकंदाला २४ चित्रे घ्यायची असतात, म्हणून एका चित्राला सेकंदाच्या चोविसाव्या भागाहून जास्त वेळ मिळतच नाही. वेळ वाढवता येत नाही, मग छिद्र वाढवा!

जर्मनीच्या झाइस कंपनीने अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेसाठी ५० मिलीमीटरची, एफ/०.७ ची थोडीशीच भिंगे केली होती. क्युब्रिक यांनी त्यांतली तीन मिळवली. हिशेब करा बरे. ५० भागिले ०.७ म्हणजे सुमारे ७१ मिलीमीटर. छिद्र नाभीय अंतराहूनही मोठे! एफ/२ च्या मानाने त्यात आठ पट उजेड येतो. ते भिंग बसावे म्हणून कॅमेऱ्यातही फेरफार करावे लागले.

आणि किंमत? तीच, आपल्या मागच्या ओळीची. स्पष्ट दिसणारा पट्टा इतका अरुंद झाला की नट जरा पुढे झुकला तरी चेहरा धूसर होई. म्हणून नटांना जवळजवळ न हलता बसून बोलावे लागे. त्यांचे अंतर कळावे म्हणून बाजूने दुसरा टेलिव्हिजन कॅमेरा लावला होता. छायाचित्रण करणाऱ्या जॉन ॲलकॉट यांना या कामाबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळाले. एवढे मोठे भिंग असूनसुद्धा नियम कोणालाही चुकला नाही.

आमचा दुसरा फोटो

हे सगळे समजल्यावर आम्ही गुरुजींना म्हणालो, "आपण पुन्हा एकदा फोटो काढू या का?" काका पुन्हा आले. त्या दिवशीही ढग होतेच. या वेळी आम्ही तीन गोष्टी केल्या. वर्गाऐवजी व्हरांड्यात उभे राहिलो, कारण तिथे उजेड जास्त. बाके पुढे ओढून तिन्ही ओळी अगदी जवळ जवळ घेतल्या. काकांनी छिद्र एफ/८ केले आणि फोकस मधल्या ओळीवर धरला. उजेड कमी झाला, त्याची भरपाई वेळाने केली. कॅमेरा स्टुलावर ठेवला, म्हणजे हात हलायचा प्रश्न नाही. काका ओरडले, "श्वास धरा!"

आता दुसरा फोटो पाहा. मागच्या ओळीतला प्रत्येक चेहरा ओळखू येतो. उजवीकडचा एक जण मात्र पुसट आहे. तो फोकसमुळे नव्हे. नेमक्या त्या क्षणी त्याला शिंक आली! हलल्यामुळे आलेला पुसटपणा एका दिशेने ओढल्यासारखा दिसतो. फोकसचा पुसटपणा सगळीकडे सारखा पसरतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की फरक कळेल.

करून पाहा

एक हातभिंग, एक पांढरा पुठ्ठा आणि एक मेणबत्ती घ्या. मोठी माणसे जवळ असू द्या. खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा. भिंगामागे पुठ्ठा पुढेमागे करून खिडकीबाहेरच्या झाडाचे उलटे चित्र स्पष्ट आणा. आता भिंगापासून एक मीटरवर, थोडी बाजूला, मेणबत्ती पेटवा. ज्योतीऐवजी उजेडाचा गोळा दिसेल. मग दुसऱ्या पुठ्ठ्याला पेन्सिल जाईल एवढे भोक पाडून तो भिंगासमोर धरा. चित्र मंद होईल, पण झाड तसेच राहून ज्योतही ओळखू येईल. भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका. डोळे कायमचे अधू होतील.

पालकांना एक विनंती. लग्नात किंवा बारशाला संध्याकाळी सगळ्या घराचा फोटो काढाल, तेव्हा मंडळींना जवळ जवळ उभे करा आणि फोटोवाल्यांना सांगा, "छिद्र थोडं लहान करा, मागचे पण दिसू द्या." एकट्याच्या फोटोत मागचे धूसर झाले तर चालते. सगळ्यांच्या फोटोत मागे उभा असलेलाही कोणाचा तरी मुलगा असतो.

त्या आई पुढच्या सभेला पुन्हा आल्या होत्या. दुसऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा बघा माझा!"

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी